यंत्राला वैरागची बोली केव्हा कळली? एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा आणि ऐकणाऱ्या यंत्रांचा इतिहास

१/
सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्यात, बार्शी–सोलापूर रस्त्यावर वैराग हे बाजारपेठेचे गाव आहे. हा रब्बी ज्वारीचा मुलूख. येथील पुष्कळ तरुण शिक्षणासाठी व नोकरीसाठी सोलापूर, पुणे, मुंबई गाठतात आणि जुन्या घरात आईवडील मागे राहतात. अशा घरांत आता मोबाइल उशाशी असतो. त्याला बोलून सांगितले की तो मुलाला फोन लावतो, गोळीची वेळ लक्षात आणून देतो, हरिपाठ लावतो. वृद्धांना एकट्याने राहणे सुसह्य करणाऱ्या या ‘व्हॉइस असिस्टंट’चा, म्हणजे बोलक्या सहायकाचा इतिहास मात्र मोबाइलपेक्षा बराच जुना आहे. त्याचा हा धागा.

२/
ज्याला लिहितावाचता येत नाही, किंवा येत असूनही डोळे साथ देत नाहीत, त्याने दूरच्या माणसाशी, सरकारशी, दवाखान्याशी बोलायचे कसे? या प्रश्नाला प्रत्येक काळाने आपापले उत्तर दिले. त्या प्रत्येक उत्तरात दोन गोष्टी पाहाव्या लागतात. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये कोण उभे होते? आणि ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याची बोली कळत होती का? या दोन कसोट्या हाती धरल्या की दीडशे वर्षांची गोष्ट नीट उलगडते.

३/
पहिला मध्यस्थ पोस्टमन. १८८० साली हिंदुस्थानात टपाल खात्यामार्फत मनीऑर्डरची सोय सुरू झाली. गिरणीत कामाला गेलेल्या मुलाचे पैसे त्यामुळे थेट दारात येऊ लागले. मनीऑर्डरच्या फॉर्मवर चार ओळींचा मजकूर लिहिण्यापुरती जागा असे. पैसे मोजून झाले की म्हातारी विचारी, ‘काय लिव्हलंय?’ आणि पोस्टमन उंबऱ्याशी बसून मजकूर वाचून दाखवी. पोचपावतीवर अंगठा उठे.

४/
उत्तर धाडायचे तर शाळेत जाणारे एखादे पोर किंवा मास्तर शोधावे लागत. ही सेवा विनामूल्य होती, पण तिची किंमत निराळी होती. मुलाने किती पैसे पाठवले, सुनेचे व सासूचे जमते की नाही, दुखणे कोणते, हे सारे वाचणाऱ्याला कळे आणि कधी कधी गावालाही. अक्षरओळख नसलेल्या माणसाला खासगीपण परवडत नसे. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

५/
दूरचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राचा जन्म १८७६ चा. त्या वर्षी ७ मार्चला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले. बेल यांची आई आणि पत्नी या दोघींनाही ऐकू येत नव्हते, आणि ते स्वतः बधिर मुलांचे शिक्षक होते. ज्यांचा संवाद तुटला आहे अशा माणसांच्या सहवासातून हे यंत्र घडले. जानेवारी १८८२ मध्ये मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज उघडले. सोलापूरच्या खेड्यांतील घराघरांत फोन पोहोचायला मात्र पुढे शतकाहून अधिक काळ जावा लागला.

६/
याच सुमारास सरकारला लोकांची बोली समजून घेण्याची गरज भासू लागली. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या देखरेखीखाली हिंदुस्थानचे भाषिक सर्वेक्षण झाले. त्याचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. ठिकठिकाणच्या बोलींची तुलना करता यावी म्हणून सर्वत्र एकच गोष्ट त्या त्या बोलीत सांगायला लावली जाई. ती गोष्ट होती बायबलमधील उधळ्या मुलाची: वडिलांना मागे सोडून दूर देशी गेलेला मुलगा आणि त्याची वाट पाहणारा म्हातारा बाप.

७/
विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत या सर्वेक्षणाशी जोडून ग्रामोफोनवर ध्वनिमुद्रणेही झाली. भारतीय बोलींचे खरे उच्चार तबकडीवर आले. त्यामागचा एक हेतू असा की इकडे येणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना भाषा शिकताना कानाला सवय व्हावी. बोली टिपली गेली, जपलीही गेली. पण जो बोलला त्याच्या हाती त्यातून काही आले नाही. बोली गोळा करणे आणि बोलणाऱ्याच्या उपयोगी पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथे प्रथम दिसते.

८/
मग रेडिओ आला. २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले आणि पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांना मराठीत बोलणारे जवळचे केंद्र मिळाले. अक्षरे न वाचणाऱ्याला प्रथमच मध्यस्थावाचून बातमी, बाजारभाव आणि कीर्तन ऐकता येऊ लागले. पण रेडिओ केवळ बोलत असे. त्याला प्रश्न विचारता येत नसे.

९/
ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयोग महाराष्ट्रातच झाला, आणि त्याची नोंद जगभर घेतली गेली. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने मराठी भाषक पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ‘रेडिओ ग्रामीण मंच’ चालवले. अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम, आठवड्यातून दोनदा. प्रत्येक गावात सुमारे वीस जणांचे मंडळ एकत्र बसून कार्यक्रम ऐके, त्यावर चर्चा करी आणि आपल्या शंका केंद्राकडे लिहून पाठवी. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरे येत. ब्रीद होते: ऐका, चर्चा करा, कृती करा.

१०/
या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत झाले. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी तीन प्रकारची गावे शेजारी ठेवून पाहिली. पहिल्या प्रकारात रेडिओ आणि मंडळ दोन्ही होते, दुसऱ्यात रेडिओ होता पण मंडळ नव्हते, आणि तिसऱ्यात रेडिओही नव्हता. मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ झाली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तशी वाढ दिसली नाही.

११/
हा निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. खोके तेच होते, आवाज तोच होता, भाषाही तीच होती. फरक पडला तो खोक्याभोवती बसलेल्या माणसांमुळे आणि प्रश्न परत पाठवण्याच्या सोयीमुळे. आवाजाचे यंत्र एकटे पुरत नाही, हे महाराष्ट्राने १९५६ सालीच मोजून दाखवले होते.

१२/
बार्शी तालुक्याचा स्वतःचा अनुभवही याला दुजोरा देतो. १९८७ साली बार्शीत भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम हे तीन तालुके तिच्या कक्षेत होते, म्हणजे वैरागही त्यात आले. शहरातील नोंदवही रुग्णालयाच्या कागदांवरून भरता येते. खेड्यातील म्हातारी मुळात रुग्णालयातच जात नाही. त्यामुळे कार्यकर्ते गावोगाव फिरले, ओसरीवर बसले, लोकांशी बोलले, लक्षणे विचारली आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी बार्शीला आणले.

१३/
या बोलण्याचा परिणाम आकड्यांत उतरला. गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उघडकीला येऊ लागल्याचे संशोधकांनी पुढे नोंदवले. तेथे कोणतेही नवे यंत्र नव्हते. जी बाई आपले दुखणे कोणाला सांगत नव्हती, तिच्या दारात तिच्या बोलीत विचारणारे माणूस आले होते. वृद्धांच्या आरोग्याला ‘सहायक’ लागतो, म्हणजे नेमके काय लागते, याचे हे घरचे उदाहरण.

१४/
टेलिफोनकडे परत येऊ. १९८४ साली सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने ‘सी-डॉट’ची स्थापना झाली. भारतीय खेड्यातील धूळ, उष्मा आणि विजेचा लपंडाव सहन करील असे छोटे एक्स्चेंज तिने घडवले. १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे ते बसले. नव्वदच्या दशकात पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ गावोगाव उभे राहिले. ‘रविवारी सकाळी दहाला फोन करतो’ असा मुलाचा निरोप यायचा आणि आईवडील अर्धा तास आधीच बूथच्या बाकावर येऊन बसायचे. नंबर फिरवणारा बूथवाला हा पोस्टमनचा वारस झाला.

१५/
पश्चिमेत तोवर निराळाच प्रश्न उभा राहिला होता. तेथे वृद्ध माणसे मोठ्या संख्येने एकटी राहत होती आणि घरात पडल्यावर त्यांची हाक कोणाला ऐकू जात नव्हती. १९७० च्या दशकात जर्मनीत विल्हेल्म होरमान यांनी आणि अमेरिकेत अँड्र्यू डिब्नर यांनी गळ्यात वा मनगटावर घालायच्या बटणाची युक्ती काढली. बटण दाबले की टेलिफोनमार्फत मदत केंद्राला इशारा जाई. डिब्नर हे मानसशास्त्रज्ञ होते. मदत हाकेच्या अंतरावर आहे हा भरवसाच वृद्धाला स्वतःच्या घरात टिकवून धरतो, हा त्यामागचा विचार. आजच्या बोलक्या सहायकाचा हा एक थेट पूर्वज होय.

१६/
दुसरा पूर्वज प्रयोगशाळेतला. १९५२ साली बेल प्रयोगशाळेत ‘ऑड्री’ नावाचे यंत्र तयार झाले. त्याला शून्य ते नऊ हे इंग्रजी अंक ओळखता येत. पण ज्याच्या आवाजाशी ते जुळवलेले असे, त्याच्याच तोंडून नीट. दुसरा कोणी बोलला की चुका वाढत. १९७६ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातील ‘हार्पी’ या यंत्रणेची मजल १,०११ शब्दांपर्यंत गेली. त्या विद्यापीठातील वाणीसंशोधनाचे अध्वर्यू राज रेड्डी हे मूळचे आंध्र प्रदेशातील खेड्यातले. १९९४ साली त्यांना संगणकशास्त्रातील ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

१७/
यंत्र ऐकायला शिकते कसे? हजारो माणसांची बोलणी टिपली जातात, प्रत्येक वाक्य कागदावर उतरवले जाते, आणि अमुक ध्वनी म्हणजे अमुक शब्द असण्याचा संभव किती, याचे गणित यंत्र बसवते. साहजिकच, ज्यांचे आवाज शिकवणीत अधिक, त्यांचे बोलणे यंत्राला अधिक कळते. ज्यांचे आवाज तेथे नाहीत त्यांच्यापुढे यंत्राचे कान अर्धे बधिर ठरतात. यात कोणाचा आकस नसतो. पण वगळला गेलेला माणूस वगळलाच जातो.

१८/
वृद्धांच्या बाबतीत हे मोजून पाहिले गेले आहे. वय वाढते तशी स्वरतंतूंची लवचीकता घटते, श्वास तोकडा पडतो, दात गेल्याने उच्चार बदलतात, बोलताना मध्येच थांबावे लागते. २००८ साली एडिंबरा येथील संशोधकांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील ध्वनिमुद्रणे यंत्राला ऐकवली. त्यांत त्याच व्यक्तींचे आवाज वर्षानुवर्षे टिपलेले होते. वय वाढत गेले तशा यंत्राच्या चुका वाढत गेल्या. न्यायालयात बोलण्याची ज्यांना सवय, त्यांची ही गत. मग बोळक्या तोंडाच्या, सोलापुरी मराठी बोलणाऱ्या आजीचे काय?

१९/
मराठी बोलणाऱ्यांचे आवाज यंत्राच्या शाळेत गेले ते शेतमालाच्या भावामुळे. २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर सुरू झाले. तेथे फोनवर माणूस उत्तर देई. २००७ साली महाराष्ट्रात मोबाइलवर बाजारभावाचे संदेश देणारी सेवा आली, पण संदेश वाचता येणे आवश्यक होते. पुढे केंद्र सरकारच्या भाषातंत्रज्ञान कार्यक्रमातून, फोनवर पिकाचे नाव उच्चारले की भाव सांगणारी यंत्रणा सहा भारतीय भाषांत घडवण्याचे काम हाती घेतले गेले. मराठीची जबाबदारी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आणि आयआयटी मुंबईने उचलली.

२०/
त्यासाठी महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांचे आवाज टिपण्यात आले, तेही खऱ्या वातावरणात: मागे बाजाराचा गलका, गाड्यांचे भोंगे, गुरांचा हंबरडा. शब्दसंग्रह लहान होता, जिल्हे, बाजारपेठा आणि शेतमालाची नावे एवढाच. पण मराठी ऐकणारे यंत्र घडवताना स्टुडिओतील निवेदकाऐवजी शिवारातला माणूस समोर बसवला गेला, हे त्या प्रयत्नाचे मोल.

२१/
दरम्यान मोठ्या कंपन्यांचे सहायक बाजारात आले होते. ऑक्टोबर २०११ मध्ये ‘सिरी’, २०१४ मध्ये ‘अलेक्सा’, २०१६ मध्ये ‘गुगल असिस्टंट’. सुरुवातीला त्यांत मराठी नव्हती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि इंटरनेट स्वस्त झाले. २०१७ मध्ये जिओफोनच्या रूपाने बटणांच्या साध्या फोनवरही बोलून आज्ञा देण्याची सोय झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलच्या बोलून टंकण्याच्या सोयीत मराठी आली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये गुगल असिस्टंट मराठीत बोलू लागला. टेलिफोनचे पेटंट १८७६ चे. फोनलाच मराठीत काही सांगावे आणि त्याने ते करावे, यासाठी १४२ वर्षे गेली.

२२/
आता हे यंत्र वैरागच्या एखाद्या घरात ठेवून पाहू. एकटी राहणारी आजी म्हणते, ‘थोरल्याला फोन लाव.’ फोनमध्ये मुलाचे नाव इंग्रजीत, आडनावासकट नोंदलेले असते. यंत्राला ‘थोरला’ सापडत नाही. ती म्हणते, ‘सकाळच्या पारी गोळी घ्यायची हाय, ध्यानात आणून दे.’ यंत्र ‘आठवण कर’ हे शब्द शिकलेले असते. ‘पारी’ आणि ‘ध्यानात’ यांपाशी अडखळते. आजी दम घ्यायला मध्येच थांबते आणि वाक्य संपले असे समजून यंत्र उत्तर देऊन टाकते. दोनदा असे झाले की ती फोन उशाखाली सरकवते. ‘आपल्याला न्हाई जमायचं’ असा दोष ती स्वतःकडेच घेते.

२३/
या तिन्ही अडचणींना उपाय आहेत आणि ते साधे आहेत. सुट्टीला आलेल्या नातवाने फोनमध्ये नाव ‘थोरला’ असे मराठीत नोंदवले की पहिली अडचण सुटते. रोज त्याच वेळी वाजणारी आठवण एकदा लावून दिली की दुसरी सुटते. चार वाक्ये पाठ होईपर्यंत कोणी शेजारी बसून ती म्हणवून घेतली की तिसरी बरीच हलकी होते. यांपैकी एकही उपाय आजीला एकटीने करता येत नाही. १९५६ चा निष्कर्ष येथे जसाच्या तसा उभा राहतो: खोक्याशेजारी माणूस लागतो.

२४/
बोलीची अडचण मात्र नातवाच्या हातची नाही. तेथे यंत्रालाच शिकावे लागते. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. आयआयटी मद्रासच्या ‘एआयफॉरभारत’ने २०२४ मध्ये सर्व २२ अनुसूचित भाषांतील नैसर्गिक बोलण्याचा ‘इंडिकव्हॉइसेस’ हा संग्रह खुला केला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने गुगलच्या साहाय्याने ‘वाणी’ प्रकल्प हाती घेतला. त्यात भाषेऐवजी जिल्हा हा एकक धरला गेला. पहिल्या टप्प्यातील ८० जिल्ह्यांमध्ये सोलापूरचा समावेश आहे.

२५/
‘वाणी’ची पद्धत ग्रिअर्सनच्या पद्धतीशी ताडून पाहण्यासारखी आहे. तेथे सर्वांना एकच गोष्ट आपल्या बोलीत सांगायला लावली गेली. येथे माणसापुढे चित्र ठेवतात आणि दिसेल ते आपल्या शब्दांत सांगा म्हणतात. त्यामुळे ‘हाय’, ‘न्हाई’, ‘हिकडं’, ‘लई’ हे शब्द जसे तोंडात येतात तसेच नोंदले जातात. आणखी एक फरक महत्त्वाचा. हा संग्रह खुला आहे. कोणताही अभ्यासक त्यावरून यंत्र घडवू शकतो. जो बोलला त्याच्या उपयोगी पडण्याची वाट निदान मोकळी झाली.

२६/
यंत्राने बोली शिकण्याची निकड आकड्यांवरूनही कळते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १ कोटी ११ लाख होती, म्हणजे लोकसंख्येच्या ९.९ टक्के. देशाचे प्रमाण तेव्हा ८.६ टक्के होते. महाराष्ट्र देशापेक्षा आधी वयस्क होत आहे. आणि पेन्शन, बँक, रेशन, दवाखाना ही सगळी दारे आता पडद्यावर उघडतात. पडदा वाचता न येणाऱ्यासाठी आवाज ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. कार्यालयाचा उंबरा ओलांडण्याचे ते साधन झाले आहे.

२७/
निवृत्तिवेतनाचे उदाहरण घ्या. आपण हयात आहोत हे निवृत्तिवेतनधारकाला दरवर्षी सिद्ध करावे लागते. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही अंगठ्याच्या ठशावर चालणारी सोय आली. पण आयुष्यभर खुरपे आणि विळा धरलेल्या, वयाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला पुष्कळदा उमटत नाहीत. म्हणून २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय जोडावी लागली. मनीऑर्डरच्या पावतीवर चालणारा अंगठा यंत्रापुढे चालेनासा झाला. आवाजाचेही तेच आहे: वयाबरोबर शरीर बदलते, आणि तरुण शरीरावर बेतलेले यंत्र वृद्धाला ओळखत नाही.

२८/
माणसाचा आवाज या व्यवस्थेतून गेलेला नाही, हेही खरे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ज्येष्ठांसाठी १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ देशभर सुरू झाली. महाराष्ट्रात ती पुण्याचे जनसेवा फाउंडेशन चालवते. सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत तेथे माणूस उत्तर देतो: पेन्शनची माहिती, कायद्याचा सल्ला, छळ होत असल्यास हस्तक्षेप, आणि कधी केवळ दोन शब्द. मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३ पे’ आले आणि इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवरूनही पैसे पाठवता येऊ लागले. वृद्धाच्या हाती बहुधा साधाच फोन असतो, म्हणून या दोन्ही सोयी मोलाच्या आहेत.

२९/
यंत्राच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मोबाइलचा सहायक नेटवर्कवर आणि चार्जिंगवर जगतो. न्हाणीघरात पाय घसरला आणि फोन माजघरात राहिला, तर तो निरुपयोगी. छातीत कळ आल्यावर काय करावे हे त्याला विचारत बसू नये. १०८ ला फोन करावा. आणि जो आवाज सोय करतो तोच फसवूही शकतो: नातेवाइकाचा हुबेहूब आवाज काढून पैसे मागण्याचे प्रकार आता तंत्रज्ञानाला साध्य आहेत. अशा फोननंतर तो ठेवून मुलाच्या नेहमीच्या नंबरवर आपण उलट फोन लावणे, हा सर्वांत सोपा पडताळा.

३०/
खासगीपणाचा जुना प्रश्नही नव्या वेषात परतला आहे. पोस्टमनला घरातले सारे कळे, पण पोस्टमन गावचा होता. त्याला चारचौघांची भीड होती, आणि काय झाकायचे हे त्याला समजे. मोबाइलला सांगितलेली आज्ञा पुष्कळदा दूरच्या संगणकांपर्यंत जाते. त्याला भीड नसते. २०२३ साली संसदेने वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायदा संमत केला. त्याचा पाया संमती हा आहे. पण ज्या संमतीचा मजकूर आजीला वाचता येत नाही, तो तिच्या बोलीत वाचून दाखवण्याचे काम बोलणाऱ्या यंत्राकडून करून घेणे ही पुढची रास्त मागणी आहे.

३१/
दीडशे वर्षांच्या या वाटचालीत मध्यस्थ बदलत गेले: पोस्टमन, मास्तर, रेडिओचे मंडळ, कर्करोग नोंदवहीचा कार्यकर्ता, बूथवाला, आणि आता यंत्र. प्रत्येक टप्प्यावर वृद्धाचे परावलंबन थोडे कमी झाले. रविवारी दहाची वाट न पाहता आजी मनात येईल तेव्हा मुलाशी बोलू शकते, आणि काय बोलली ते गावाला कळत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. कोणाला, केव्हा आणि कशासाठी हाक मारायची हे स्वतः ठरवता येणे, हाच स्वावलंबनाचा अर्थ तिच्या दृष्टीने खरा.

३२/
मात्र जे टप्पे यशस्वी ठरले त्यांत दोन गोष्टी सदैव होत्या. ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याची बोली कळत होती, आणि यंत्राशेजारी कोणीतरी बसले होते. पहिले काम संशोधकांचे आणि कंपन्यांचे आहे. त्यासाठी वैरागसारख्या गावांतील सत्तरी-ऐंशीच्या माणसांचे आवाज संग्रहात भरपूर हवेत. दुसरे काम घरचे आहे. त्याला तंत्रज्ञान लागत नाही. दिवाळीला गावी गेलेल्या मुलाने एक दुपार आईजवळ बसून तिच्या फोनमध्ये आपले नाव ‘थोरला’ असे नोंदवावे, आणि तिने हाक मारल्यावर फोन लागतो की नाही, ते तिथेच बसून पाहावे.

(धागा समाप्त)